किचन ट्रॉलीच्या जाहिराती: सर्च, डिस्प्ले की इन्स्टा? पैसे कुठे लावू?

ट्रॉलीवाला_अंबड
नमस्कार मंडळी. अंबडला मॉड्युलर किचनचं वर्कशॉप आहे, काम नाशिक शहरातलंच. गेल्या ३० दिवसांत जाहिरातीवर साधारण २६,६०० रुपये गेले. हिशेब असा:

गूगल सर्च: ३१० क्लिक, १०,५४० रुपये, १६ चौकशा, ७ ठिकाणी माप, ३ ऑर्डरी.
सर्च पार्टनर (गूगलच्या सर्च जाहिराती दाखवणाऱ्या दुसऱ्या साइट): ९० क्लिक, १,९८० रुपये, १ चौकशी, पुढे काही नाही.
डिस्प्ले (इतर साइट-ॲपवर दिसणाऱ्या जाहिराती): १,८०० क्लिक, ७,२०० रुपये, २१ फॉर्म. त्यातले १८ नंबर लागतच नाहीत, उरलेले तिघे ‘सहज बघत होतो’.
फेसबुक-इन्स्टा, फॉर्म तिथल्या तिथेच: ६,९०० रुपये, ४६ फॉर्म, ५ मापं, १ ऑर्डर.

कॅम्पेन बघणारा मुलगा म्हणतो, सर्चची चौकशी ६५९ रुपयांना पडते, डिस्प्लेची ३४३ आणि फेसबुकची १५०, तर सर्चचं बजेट तिकडे वळवू. मला पटत नाही, पण कुठे चुकतंय ते बोट ठेवून सांगता येत नाही.

क्लिकमोजणी
चूक भागाकारात नाही, कशाने भागलं त्यात आहे. तुमचा धंदा फॉर्मवर नाही, मापावर चालतो. त्याच रकमा मापांनी भागा: सर्च १,५०६, फेसबुक १,३८०, म्हणजे जवळपास सारखेच. डिस्प्लेला भागायला आकडाच नाही. ऑर्डरीने भागलं तर सर्च ३,५१३ आणि फेसबुक ६,९००. अर्थात ३ आणि १ ऑर्डरीवरून निकाल लावायचा नसतो, पुढच्या महिन्यात उलटंही दिसेल.

खरी गोम पुढे आहे. ते १८ खोटे फॉर्म गूगलच्या लेखी १८ कन्व्हर्जन, म्हणजे फळलेले क्लिक, आहेत. बोली (एका क्लिकला किती मोजायचे ते) ऑटोमॅटिक असेल तर यंत्रणा असे फॉर्म जिथून स्वस्तात मिळतात तिथेच पैसे ओतते. म्हणजे डिस्प्ले नुसता वाया जात नाही, बाकीच्या कॅम्पेनलाही वाईट वळण लावतो.

आज करायचं ते: सर्च कॅम्पेनच्या सेटिंगमध्ये ‘नेटवर्क’ उघडा. तिथे सर्च पार्टनर आणि डिस्प्ले अशा दोन टिका असतात, कॅम्पेन बनवताना त्या बहुतेकदा आधीच लागलेल्या असतात. डिस्प्लेची लगेच काढा. मग फॉर्ममध्ये ओटीपी टाका.

मापापर्यंतचा माग ठेवायचा असेल तर ऑटो-टॅगिंग (प्रत्येक क्लिकला गूगलचा वेगळा खुणेचा नंबर जोडणारी सेटिंग) चालू ठेवा, फॉर्ममध्ये एक लपलेला रकाना ठेवून त्यात तो क्लिक आयडी साठवा, आणि माप झालं की तो आयडी तारीख-वेळेसह गूगल ॲड्समध्ये अपलोड करा. क्लिकपासून ९० दिवसांच्या आत, त्यानंतर तो धरला जात नाही. मात्र महिन्याला ७ मापांवर बोली सोपवू नका, तेवढ्यात यंत्रणा काही शिकत नाही. बोली ओटीपी झालेल्या फॉर्मवर, मापं नुसती नोंदीला.

रील_आणि_रोकडा
फेसबुकबद्दल एक. ४६ फॉर्ममधून ५ मापं हे जागेपेक्षा फॉर्मचं दुखणं वाटतं. तिथल्या फॉर्ममध्ये नाव-नंबर प्रोफाइलवरून आपोआप भरलेले येतात. नंबर जुना असेल तर जुनाच येतो आणि माणूस दोन टिचक्यांत मोकळा. फॉर्मचा प्रकार ‘हायर इन्टेन्ट’ करा, म्हणजे पाठवण्याआधी एकदा तपासायला लावतो. शिवाय हाताने लिहावे लागतील असे दोन प्रश्न घाला: ओटा किती फुटांचा, आणि फ्लॅट कुठल्या भागात. ज्याला ओटा किती फुटांचा हे माहीत आहे त्याने टेप लावून पाहिलेली असते. फॉर्म कमी होतील, होऊ द्या.

जागांचं म्हणाल तर फेसबुकच्या रिपोर्टमधल्या ब्रेकडाउनमध्ये प्लेसमेंटनुसार (फीड, रील अशा जागांनुसार) बघा, पण रील महाग दिसली म्हणून लगेच बंद करू नका. तिथे दिसते ती सरासरी, आणि यंत्रणा बघते ती पुढच्या फॉर्मची किंमत. फीडमधले स्वस्त फॉर्म संपत आले की ती रीलकडे वळते. रील बंद केली तर तोच पैसा फीडमध्ये महागात जाऊ शकतो. ऑडियन्स नेटवर्क (फेसबुक-इन्स्टाबाहेरच्या ॲपमधली जागा) मात्र मी नेहमी काढतो, विशेषतः क्लिकसाठी चालवलेल्या कॅम्पेनमध्ये. तिथले बरेच क्लिक गेम खेळताना चुकून लागलेले असतात.

आणि उभ्या व्हिडिओत फोन नंबर अगदी तळाला छापला असेल तर तो कुणाला दिसतच नाही. रीलचा खालचा साधारण एक तृतीयांश भाग नाव, कॅप्शन आणि बटणाखाली जातो.

ट्रॉलीवाला_अंबड
नंबर तळालाच होता! डिस्प्ले बंद केलं. आता सर्च पार्टनर ठेवू की काढू? आणि डिस्प्ले पुढे कधी वापरलंच तर कुठली साइट ब्लॉक करायची हे कसं ठरवायचं? मुलगा ५-१० क्लिक झाले आणि फॉर्म नाही आला की साइट ब्लॉक करतो.

पंचवटी_पीपीसी
५-१० क्लिकवर ब्लॉक करणं म्हणजे नाणेफेक. तुमच्या सर्चला साधारण २० क्लिकला एक चौकशी येते. तितकीच चांगली जागा असली तरी पहिल्या ८ क्लिकमध्ये एकही चौकशी न येण्याची शक्यता ६६ टक्के. ढोबळ नियम: जितक्या क्लिकला एक चौकशी अपेक्षित, त्याच्या तिप्पट क्लिक होऊनही शून्य असेल तर ती जागा काढा. इथे ६० क्लिक. गेम आणि लहान मुलांच्या ॲपना मात्र हा नियम लावत बसू नका, तो सगळा प्रकारच आधी वगळा.

पार्टनरला ९० क्लिकमध्ये ४-५ चौकशा यायला हव्या होत्या, आली १. शंका घेण्याइतकं आहे, पैसा तंग असेल तर काढा. मी काढला असता.

त्याआधी सर्च टर्म्सचा रिपोर्ट, म्हणजे लोकांनी नेमकं काय शोधलं त्याची यादी, वाचा. ‘ट्रॉली नाशिक’ हा कीवर्ड ब्रॉड मॅचवर (मिळत्याजुळत्या शोधांनाही जाहिरात दाखवणारा पर्याय) असेल तर निफाड-दिंडोरीकडून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवाले येणार, शिवाय ‘ट्रॉलीचं चाक’, ‘जुनी ट्रॉली’, ‘कारागीर पाहिजे’. हे शब्द निगेटिव्हमध्ये (ज्या शोधांना जाहिरात नको त्या यादीत) घाला, मराठीत आणि रोमन लिपीत दोन्हीकडे, एकवचन-अनेकवचन वेगवेगळं. निगेटिव्ह शब्द समानार्थी ओळखत नाहीत.

लोकेशनमध्ये ‘त्या ठिकाणी असलेले किंवा रस दाखवणारे’ हा पर्याय मुळातच निवडलेला असतो. तो बदलून फक्त ‘असलेले’ ठेवा. पण मुंबई-ठाण्यात राहून नाशकात फ्लॅट घेणारी मंडळी त्यात सुटतात, आणि ती चांगली गिऱ्हाइकं असतात. त्यांच्यासाठी वेगळं छोटं कॅम्पेन: लोकेशन मुंबई-ठाणे, आणि प्रत्येक कीवर्डमध्ये ‘नाशिक’ हवंच.

क्लिकमोजणी
फोनचं राहिलं. जाहिरातीतून लागलेला कॉल किती सेकंदांनंतर कन्व्हर्जन धरायचा ते ठरवता येतं, आपोआप ६० असतं. ‘भाव काय फुटाला?’ एवढं विचारून फोन ठेवणारे त्यात गळतात, तेवढं ठीक आहे. आणि वर्कशॉपला सुट्टी असते त्या दिवशी फोन कोण उचलतं? कुणीच नसेल तर कॉलच्या बटणाचं स्वतःचं शेड्यूल लावून त्या दिवशी ते बंद ठेवा, फॉर्म चालू राहू द्या.

ट्रॉलीवाला_अंबड
सुट्टी शनिवारी, आणि त्या दिवशी फोन ऑफिसच्या टेबलावरच वाजत असतो. आज बंद करतो. फॉर्ममध्ये ओट्याचा प्रश्नही घातला, महिन्याने आकडे टाकतो.