टेन्शन जास्त, सिगरेटी कमी, तरी कॅन्सर जास्त? अमेरिकेतल्या पुरुषांचं हे गणित कुणी समजावेल का

ऐरोली_रात्रपाळी
मंडळी, प्रश्न जरा आडवा आहे पण विचारतो. मी ऐरोलीला अमेरिकन हेल्थ डेटावर काम करतो, त्यामुळे तिकडच्या लोकांचे आजार, व्यसनं, वय, वंश सगळं डोळ्याखालून जातं आणि मग मी उगाच वाचत बसतो. तर तिकडे कृष्णवर्णीय पुरुष गोऱ्यांपेक्षा उशिरा सिगरेट सुरू करतात, शाळकरी वयात तर बरीच कमी ओढतात, मोठेपणी पण दिवसाच्या सिगरेटी कमीच, आणि तरीही फुप्फुसाचा कॅन्सर त्यांच्यातच जास्त. सोडायचा प्रयत्न जास्त जण करतात पण सुटते कमी जणांची. टेन्शन म्हणाल तर पगार, पोलीस, घरभाडं, सगळीकडे त्यांनाच जास्त. मग टेन्शन वाढलं की सिगरेट वाढते हे आपलं ठरलेलं गणित इथे बसतच नाही ना?

दुसरं म्हंजे आमच्या गेटबाहेर रात्री दोनला सायकलवरचा चहावाला येतो. फ्लोअरवरची पोरं चहा-सुट्टा करतात. सिक्युरिटीवाले आणि हाउसकीपिंगचे काका तिथेच असतात पण त्यातला एकही सिगरेट ओढत नाही, तळहातावर तंबाखू-चुना मळायचा, दोन थापा, चिमूट ओठाखाली आणि परत जागेवर. त्यांना आमच्यापेक्षा टेन्शन कमी आहे असं मला तरी वाटत नाही. हा पण तसाच प्रकार का?

वाशीकर_बंड्या
प्रत्येक गोष्टीत वंश नि जात कशाला आणायची राव. जो ओढतो तो भोगतो, विषय संपला.

मानसी_ठाणे
विषय संपत नाही ना दादा, तिथेच सुरू होतो. मी ठाण्यात कॉलेजला सायकॉलॉजी शिकवते, हा भाग आमच्याकडे दर वर्षी वर्गात भांडणं लावतो.

पहिली गोष्ट, दिवसाला किती सिगरेटी हे मापच अर्धवट आहे. निकोटिन शरीरात गेलं की त्याचं कोटिनिन होतं, ते रक्तात मोजता येतं. 1998 मध्ये अमेरिकेत हे मोजलं तेव्हा सारख्याच सिगरेटी ओढणाऱ्यांमध्ये कृष्णवर्णीयांचं कोटिनिन गोऱ्यांपेक्षा जास्त निघालं. एक कारण म्हणजे एकेका सिगरेटमधून निकोटिन जास्त ओढलं जातं, दुसरं म्हणजे कोटिनिन शरीरातून हळू बाहेर पडतं. म्हणजे पाकीट कमी संपतं म्हणून विष कमी जातं असं नाही. 2006 मध्ये हवाई आणि लॉस एंजेलिसच्या 1 लाख 83 हजारांवर लोकांचा मोठा अभ्यास आला, त्यातही दिवसाला 10 किंवा 20 सिगरेटी ओढणाऱ्यांत कृष्णवर्णीय आणि मूळ हवाईयन लोकांना फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका गोऱ्यांपेक्षा जास्त दिसला, आणि 30 च्या वर गेल्यावर तो फरक जवळजवळ पुसला गेला.

पण सगळं जीन्सवर ढकलू नका. तिकडे सिगरेट ओढणाऱ्या कृष्णवर्णीयांपैकी सुमारे 85 टक्के मेंथॉलवाली ओढतात, गोऱ्यांमध्ये हे प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास. मेंथॉलने घसा गार पडतो, ठसका लागत नाही, सुरू करणं सोपं आणि सोडणं अवघड. आणि ही आवड काही आभाळातून पडली नाही, कंपन्यांनी त्यांच्या वस्त्यांमध्ये, मासिकांमध्ये, जॅझ फेस्टिवलमध्ये अनेक दशकं पैसा ओतला. 2009 च्या कायद्याने सिगरेटमधले बाकी फ्लेवर बंद केले, मेंथॉल तेवढं सोडलं. 2022 मध्ये बंदीचा प्रस्ताव आला आणि जानेवारी 2025 मध्ये मागे घेतला गेला. यात टेन्शनचा काय संबंध सांगा बंड्या दादा?

वाशीकर_बंड्या
ओके ताई, मेंथॉलचं पटलं. पण मग टेन्शनचा रोल झिरो आहे का? माझा भाऊ ऑडिटच्या महिन्यात दुप्पट ओढतो.

मानसी_ठाणे
झिरो नाही. पण कुठलं टेन्शन ते बघा. ऑडिटचं टेन्शन महिनाभराचं, संपतं. रोज दुकानात मागे मागे फिरणारा वॉचमन, गाडी चालवताना उगाच थांबवणारा पोलीस, इंटरव्ह्यूत नाव बघून बदलणारा चेहरा, हे वर्षानुवर्षं चालतं. अमेरिकेत कार्डिया नावाचा अभ्यास 1985-86 ला सुरू झाला, बर्मिंगहॅम, शिकागो, मिनियापोलिस आणि ओकलंड या शहरांत, पाच हजारांवर तरुण, काळे नि गोरे दोन्ही. त्यात भेदभाव भोगल्याचं सांगणाऱ्या कृष्णवर्णीयांमध्ये तंबाखूचा वापर जास्त आढळला. गंमत म्हणजे भेदभाव जास्त सांगणारे शिकलेले आणि बऱ्या कमाईचेही होते, म्हणजे पगार वाढला की हे टेन्शन आपोआप जातं असंही नाही.

शर्मन जेम्स नावाच्या शास्त्रज्ञाने 1983 मध्ये अशा ताणाशी सतत झुंजत राहण्याच्या वृत्तीला जॉन हेन्रीवरून नाव दिलं. तो दंतकथेतला कृष्णवर्णीय रेल्वे मजूर, डोंगर फोडायच्या वाफेच्या मशीनशी हातोडा घेऊन शर्यत लावली, जिंकला आणि तिथेच मेला. संकट आलं की आणखी जोर लावायचा, पण हाताशी साधनं नाहीत, तर रक्तदाब चढतो असा त्याचा मुद्दा. म्हणून कमी सिगरेटी म्हणजे कमी ताण असं काढू नये, ताण दुसऱ्याच अवयवावर निघत असेल.

महापे_शिफ्टइनचार्ज
दुसऱ्या प्रश्नाला मी सांगतो. एमआयडीसीत केमिकल प्लांटवर आहे, आख्खी हयात इथे गेली. आमच्याकडे आत काडी पेटवली तर नोकरी गेली समजा, आणि मशीन सोडून गेटपर्यंत जायचं तर बदली माणूस लागतो. सिगरेटला दहा मिनिटं, मोकळी जागा आणि वर कुणी विचारणारं नसणं, तिन्ही लागतं. तंबाखूला यातलं काहीच लागत नाही, हात चालू ठेवून तोंडात राहते, वासही साहेबापर्यंत जात नाही. तुमच्या फ्लोअरवरच्या पोराला ब्रेक मिळतो म्हणून तो सिगरेटवाला, सिक्युरिटीवाल्याला गेट सोडता येत नाही म्हणून तो पुडीवाला. टेन्शन दोघांनाही आहे, सुटका कशात करायची ते ड्युटी ठरवते. सरकारी सर्वे बघा, 2016-17 चा, महाराष्ट्रात बिडी-सिगरेट ओढणारे फक्त 3.8 टक्के आणि न जळणारी तंबाखू घेणारे 24.4 टक्के. देशभरात ओढणारे 10.7 टक्के आहेत. म्हणून आपण धुरावाले नाहीत असं कुणी छाती फुगवून सांगू नये, आपली तोंडं बघा म्हणावं.

आणि 2020 पासून राज्यात सुटी सिगरेट विकायला बंदी आहे, तरी सायकलवाला एकेक काढून देतोच, हे वेगळं सांगायला नको.

खारघर_केमिस्ट
महापे काकांशी शंभर टक्के सहमत. फक्त एक भर. सिगरेट ओढल्यावर जे हायसं वाटतं त्यातलं बरंचसं टेन्शन सिगरेटनेच तयार केलेलं असतं. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्मं होतं, मग चिडचिड, अस्वस्थपणा, लक्ष लागत नाही, आणि पुढची सिगरेट ही तलफ शमवते. माणसाला वाटतं साहेबाचं टेन्शन गेलं. प्रत्यक्षात निकोटिनने नाडी आणि बीपी वाढतं. 2014 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता, सोडलेल्यांमध्ये चिंता, उदासी आणि ताण न सोडलेल्यांपेक्षा कमी झाला होता, मानसिक आजार असलेल्यांमध्येसुद्धा.

काउंटरवर रोज ऐकतो, 'सध्या फार टेन्शन आहे, सोडीन नंतर'. सुट्टेवाला आणि पुडीवाला दोघंही हेच म्हणतात.

ऐरोली_रात्रपाळी
सगळ्यांचे आभार, बरंच डोकं साफ झालं. केमिस्टभाऊ, आमच्या सिक्युरिटीतले एक काका खरंच सोडू बघतायत, त्यांना निकोटिन गम चालेल का? मागे घेतला होता पण म्हणाले काही असर होत नाही.

खारघर_केमिस्ट
ते च्युइंगगमसारखा सलग चघळत असतील आणि वर चहा पीत असतील. 2 एमजीचा चिठ्ठीशिवाय मिळतो. तोंडात झिणझिण्या येईपर्यंत हळू चावायचा, मग गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा, झिणझिण गेली की परत थोडा चावायचा, असा अर्धा तास. लाळ गिळत राहिले तर उचकी नि जळजळ होते. गम आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना चहा-कॉफी बंद, नाहीतर निकोटिन शोषलंच जात नाही. हार्टचा त्रास असेल किंवा तोंडात पांढरा चट्टा असेल, तोंड कमी उघडत असेल तर गमच्या आधी डॉक्टरला दाखवा. तंबाखू सोडायला फोनवर मदत करणारी सरकारी क्विटलाइन 1800-11-2356 आहे, फुकट. त्यांना लावून द्या, पण रात्री दोनला नको, दिवसा.