12 मीटर स्पॅनच्या कैच्या, पत्रा, पर्लिन यांचा अंदाज कसा काढायचा? दोन कोटेशनचा मेळच बसत नाहीये

गोदाम_बांधतोय:
नमस्कार मंडळी. गोदाम बांधतोय, आतलं माप 12 बाय 24 मीटर, भिंती आणि वरचा बीम झालाय, आता फक्त छप्पर राहिलंय, म्हणजे 12 मीटरचा स्पॅन (भिंतीपासून भिंतीपर्यंतचं अंतर) पेलणाऱ्या लोखंडी तिकोनी कैच्या, त्यांच्यावर आडव्या पर्लिन आणि वर पत्रा. एका फॅब्रिकेटरने किलोवर रेट दिलाय, दुसऱ्याने चौरस मीटरवर, आणि दोघांची तुलना करायची कशी तेच कळत नाहीये. मी 24 ला 4 ने भागून 6 कैच्या धरल्यात, बरोबर आहे का? आणि एका कैचीचं वजन ड्रॉइंग नसताना काढता येतं का?

शेड_फॅब्रिकेशन:
दादा, 6 नाही, 7. गाळे 6 होतात पण शेवटाला एक कैची जास्त लागते. दोन्ही टोकांच्या भिंती आढ्यापर्यंत नेऊन पर्लिन त्यांच्यावरच टेकवणार असाल तर मग 5 त पण भागेल, ते आधी ठरवा.

आता माप. उंची स्पॅनच्या पाचव्या हिश्शाने धरा, 2.4 मीटर. अर्धा स्पॅन 6, म्हणजे राफ्टर (कैचीची वरची तिरपी दांडी) 36 अधिक 5.76 चं वर्गमूळ, 6.46 मीटर. वळचण आडवी 30 सेंमी बाहेर काढली तर उतारावर 32 होतात, पत्रा 6.78, 6.8 चा कापून घ्या. लांबीला पण दोन्हीकडे 30 सेंमी काढले की 24.6. पत्र्याची कव्हर रुंदी (लॅप, म्हणजे एकावर एक चढणारा भाग, सोडून) 1 मीटर असेल तर एका पाख्याला 25, दोन्ही मिळून 50 नग. पूर्ण रुंदी धरून मोजू नका, लॅपमध्ये जाते ती, आणि मग शेवटच्या गाळ्याला पत्रे कमी पडतात.

राफ्टरचे 5 भाग केले की जोड (आतल्या दांड्या राफ्टरला मिळतात त्या जागा) साधारण 1.29 मीटरवर येतात. पर्लिन जोडावरच बसवा, मधे बसवली तर राफ्टर वाकतो. एका पाख्याला 6 ओळी, एकूण 12, म्हणजे 300 रनिंग मीटरच्या आसपास.

गोदाम_बांधतोय:
खूप आभार भाऊ. कैच्या 6 मीटरवर ठेवल्या तर 5 च लागतील ना? तेवढंच वाचेल असं वाटतंय.

साइटवरचा_इंजिनिअर:
वाचत नाही हो तसं. पर्लिनमधलं बेंडिंग अंतराच्या वर्गाने वाढतं, 4 चे 6 केले की सव्वादोन पट, मग पर्लिनच जाड घ्यावी लागते आणि तिचे 300 मीटर आहेत!

वजनाचं म्हणाल तर कोनांच्या (लोखंडी अँगलच्या) कैचीला पहिल्या अंदाजासाठी एक जुनं सूत्र आहे, स्पॅन भागिले 3 अधिक 5, जे येईल तितके किलो दर चौरस मीटर जमिनीच्या मापावर. तुमचे 9 किलो. एका कैचीकडे 12 गुणिले 4 म्हणजे 48 चौ.मी. येतात, 432 किलो, 7 च्या मिळून तीन टन. पर्लिनला समजा मीटरला 4.5 किलोचा सेक्शन लागला तर आणखी 1350 किलो. पण ऑर्डर ह्या आकड्यावर देऊ नका. डिझाइन करून घ्या आणि कटिंग लिस्ट मागा, प्रत्येक तुकड्याची लांबी गुणिले मीटरचं वजन, वर गसेट प्लेट (जोडावर दांड्या बांधणाऱ्या पट्ट्या) आणि वेल्डिंगचे 5 ते 10 टक्के. पाइप बहुतेक 6 मीटरचा मिळतो आणि तुमचा राफ्टर 6.46 चा आहे, म्हणजे दोन तुकडे सांधावे लागणारच, तो सांधा कुठे देणार ते ड्रॉइंगमध्ये हवं.

आणि चौरस मीटरवाल्याला विचारा, मोजणार कुठून? जमिनीवर 288 भरतात आणि उतारावर वळचणीसकट 334, रेट तोच ठेवून बिलात 16 टक्के फरक पडतो.

पत्रे_उडालेले:
सगळे खाली येणाऱ्या वजनाचंच बोलताय म्हणून लिहितो. माझ्या शेडला अँकर बोल्ट नुसते भिंतीच्या वरच्या थरात बसवलेले होते आणि एका वादळात अर्धं पाखं पर्लिनसकट उचललं गेलं. 40 मीटर प्रति सेकंद वाऱ्याचा दाब 0.6 गुणिले वेगाचा वर्ग, म्हणजे 960 न्यूटन, जवळपास 98 किलो दर चौ.मी. ला. छपराचं सगळं वजन मिळून दर चौ.मी. ला 20 किलोच्या आतबाहेर. निम्मा दाब जरी वर ओढायला लागला तरी वजन पुरत नाही, त्यात दारं उघडी असली की आतून पण ढकलतो. तेव्हा बेस प्लेट (कैचीच्या टेकणाऱ्या टोकाखालची प्लेट), बीममध्ये खोल गेलेले बोल्ट आणि ब्रेसिंग (कैच्या एकमेकींना बांधणाऱ्या तिरप्या दांड्या) कोटेशनमध्ये वेगळं लिहून घ्या. खालचा टाय (कैचीची खालची आडवी दांडी) एरवी ताणात असतो, वाऱ्यात तोच दाबात येतो, त्याला एका कैचीपासून दुसरीपर्यंत आडवे टाय लागतात.

गोदाम_बांधतोय:
बीममध्ये बोल्ट सोडलेलेच नाहीयेत आमच्या... उद्याच इंजिनिअरला बोलावतो. चौरस मीटरवाल्याला आत्ता फोन केला, तो उतारावर मोजतोय, आणि बेस प्लेट त्यात धरलेली नाही.