पुण्यात मृगाचे किडे हल्ली कुठे दिसतात?

कोथरूडकरीण: ऐंशीच्या दशकात डहाणूकर कॉलनीच्या पुढे नुसतं माळरान होतं. पहिला पाऊस पडून उघडीप झाली की सकाळी मातीत लालभडक मखमली किडे निघायचे. बोट लावलं की पाय आत ओढून गप्प. काडेपेटीत ओली माती घालून आम्ही ते शाळेत न्यायचो. लेकीला फोटो दाखवला तर म्हणाली, "एआयनं केलंय." तिला खरा दाखवायचाय. पण मृग 7-8 जूनला लागतो आणि पावसाचा काही नेम नाही. 2023 ला जून संपत आला तेव्हा कुठे मान्सून आला, 2025 ला 26 मेलाच पुण्यात हजर! किडे त्यामुळेच गेले का?

टेकडीवाला काका: सगळं पावसावर ढकलू नका. मुळात तो कीटक नाहीच. आठ पायांचा, कोळ्याच्या नात्यातला. एरवी मातीत दडून असतो, पाऊस मुरला की वर येतो. त्याची पिल्लं नाकतोड्यांसारख्या कीटकांच्या अंगाला चिकटून वाढतात. म्हणजे मोकळी माती हवी, गवत हवं, नाकतोडेही हवेत. आमच्या सोसायटीत पेव्हर ब्लॉक, विकतचं लॉन आणि वर औषधफवारणी. येणार कुठून? वेताळ टेकडीवर खाणीच्या बाजूला, पायवाट सोडून बघा.

सासवडचा शेतकरी: काका, माती आमच्याकडे ढीगभर आहे, तरी किडे कमीच झालेत. पूर्वी रिपरिप लागायची, माती आतपर्यंत भिजायची. आता तासाभरात सगळा ओततो, बांध फोडून जातो, मग आठवडाभर कडक ऊन. 2025 ला मे सरता सरता बांधावर चार-दोन दिसले. वडील पंचांग धरून मृगाची वाट बघत बसले, तेव्हा एकही नाही.

टेकडीवाला काका: हे मान्य. शहरात माती गेली, गावात पावसाचं तंत्र बिघडलं. दोन्हीकडून मार.

कोथरूडकरीण: म्हणजे मृगाचा नाद सोडायचा आणि पाऊस पडेल तेव्हा निघायचं. सापडलाच तर घरी आणला तर चालेल?

टेकडीवाला काका: मुळीच नाही. काडेपेटीत सुकून मरतात. लेकीच्या तळहातावर ठेवा, मग जिथून उचलला तिथेच सोडा. आणि रविवारी जाऊ नका, त्या दिवशी टेकडीवर किड्यांपेक्षा रील काढणारेच जास्त.