डोंगरावरची कॉफी: तुमचे अनुभव लिहा

सह्यवेडी
दिवाळीची साफसफाई चालू आहे. माळ्यावरून आज स्टीलचा छोटा कॉफी फिल्टर खाली आला. वरच्या भांड्याला पोचे, झाकणाचा पत्ता नाही. कॉलेजात असताना हा माझ्या सॅकमध्ये कायम असायचा. हातात घेतला आणि राजमाची आठवली. मग साफसफाई राहिली बाजूला.

आमच्या ग्रुपमध्ये सगळे चहावाले. कॉफीवाल्या दोघीच, मी आणि माटुंग्याची माझी तमिळ मैत्रीण. पावडर तिच्या घरून यायची. पीबेरी आणि प्लँटेशन या दोन जातींच्या कॉफीबिया निम्म्या निम्म्या, त्यात वीस टक्के चिकोरी (भाजलेल्या मुळाची पूड), आदल्या दिवशी दळून आणलेली. राजमाचीच्या उधेवाडीत ज्यांच्या पडवीत आम्ही झोपायचो तिथे रात्रीची जेवणं झाली की चूल विझायच्या आत ती पाणी उकळून घ्यायची. वरच्या भांड्यात पावडर घालून चकती अगदी हलक्या हाताने टेकवायची. दाबली की पाणी खाली उतरतच नाही, हे तिनेच शिकवलं. मग पाणी गोल फिरवत ओतायचं, आधी थोडं, पावडर फुगली की बाकीचं. खरं तर वीसेक मिनिटांत डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा घट्ट अर्क, खालच्या भांड्यात उतरतो, पण आम्ही रात्रभर तसंच ठेवायचो. पहाटे त्या घरच्या मावशी म्हशीचं धारोष्ण दूध उकळून द्यायच्या आणि त्यात ते गार, काळंभोर डिकॉक्शन. डिकॉक्शन परत उकळायचं नाही हा तिचा कडक नियम. कॉफी पिऊन मग श्रीवर्धन, म्हणजे राजमाचीचा बालेकिल्ला, चढायचा.

ती आता चेन्नईत आहे, फिल्टरचा फोटो पाठवलाय तिला. तुम्ही किल्ल्यावर, जंगलात, हिमालयात, परदेशात तंबूत राहताना कॉफी कशी करता? पद्धत, भांडी, फजिती, सगळं लिहा.

चहाबाज
कळसूबाईच्या वाटेवरचा चहा इथे चालेल का? नसेल चालत तर नुसता वाचत बसतो. सुरुवात मस्त.

सह्यवेडी
चालेल की! पण एक तरी कॉफीची आठवण लिहावी लागेल.

घाटवाट
आमच्याकडे फेटलेली कॉफी. इन्स्टंट पावडर, साखर, चमचा दोन चमचे पाणी. निघायच्या आदल्या रात्री घरीच वाटीत फेटायची. गडद तपकिरीची हळूहळू बदामी झाली, चमच्यावरून सावकाश पडायला लागली की घट्ट झाकणाच्या डबीत भरायची. गडावर फक्त दूध तापवायचं. एका कपाला एक मोठा चमचा फेटलेली कॉफी, वरून दूध उंचावरून ओतलं की फेस येतो. हरिश्चंद्रगडावर डिसेंबरात कोकणकड्याला वारा असा असतो की स्टोव्ह तीन बाजूंनी सॅक लावून झाकावा लागतो, तेव्हा कमीत कमी काम असलेलं बरं.

दुधाच्या पावडरीच्या गुठळ्या होतात ना? गरम पाण्यात थेट टाकू नका. आधी कोमट पाण्यात पेस्ट करा, मग वाढवत न्या. एकही गुठळी राहणार नाही.

केळफूल
एवढं सगळं लिहिलंत आणि जायफळाचं नाव नाही?? आमच्या घरी जायफळ-वेलदोड्याशिवाय कॉफी हा प्रकारच नाही. आई ट्रेकला निघताना पुरचुंडीत एक अख्खं जायफळ आणि छोटी किसणी द्यायची. किसून दिलं तर वास उडतो म्हणायची. दूध उतरवल्यावर वरून चार वेळा किसणी फिरवायची, बस. रायगडावर शेजारच्या ग्रुपमधल्या एक आजी वासावरून उठून आमच्याकडे आल्या, म्हणाल्या कोण ग जायफळाची कॉफी करतंय. मग त्यांना अर्धा कप. त्यांनी आम्हाला गूळपोळ्या दिल्या. अजून फोनवर बोलतो आम्ही.

कुकरची शिट्टी झाली, नंतर येते.

खारेपाटण
@केळफूल, जायफळ विकतचं का? आमच्या बागेत नारळी-पोफळीत झाडं आहेत. ताज्या जायफळाला किसताना तेल सुटतं हाताला. या वर्षी पाऊस लांबलाय, वाळवायचे हाल आहेत.

केळफूल
विकतचंच हो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते तुम्हाला. जायपत्री पण मिळेल का?

डिकॉक्शन
बंगळुरात राहतो, शनिवार-रविवार डोंगरात. एक उपयोगाची गोष्ट लिहितो. साधारण दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू एक अंशाने उतरतो. कळसूबाईच्या माथ्यावर, म्हणजे १६४६ मीटरला, पाणी साडेचौऱ्याण्णव अंशांच्या आसपास उकळतं. कॉफीला हवं असतं ९० ते ९६. म्हणजे सह्याद्रीत पाणी खळखळलं की लगेच ओता, घरच्यासारखं अर्धा मिनिट थांबायची गरज नाही. हिमालयात केदारकंठाला ३८०० मीटरवर मात्र पाणी ८७ लाच उकळतं. तिथे हलकी भाजलेली कॉफी नेली तर पाणचट आणि आंबट लागते. गडद भाजलेली न्या, नेहमीपेक्षा बारीक दळा, जास्त वेळ मुरू द्या, भांड्यावर झाकण ठेवा. कप आधी गरम पाण्याने विसळून घ्या, थंडीत बरीच उष्णता कपच खातो.

प्रमाण: २५० मिली पाण्याला १५ ग्रॅम. काटा न्यायची गरज नाही, घरूनच पुड्या बांधून न्या.

मी एअरोप्रेस नेतो, म्हणजे दट्ट्याने दाबून कॉफी गाळायची नळी. प्लास्टिकचं आहे, फुटत नाही, चोथ्याची वडी बाहेर पडते, धुवायला घोटभर पाणी पुरतं. गडावर टाक्यातून पाणी शेंदून आणताना हे फार महत्त्वाचं.

चहाबाज
८७ अंशांवर चहा पण नीट उतरत नसणार. म्हणून हिमालयात ते लोक पत्ती टाकून इतका वेळ उकळत ठेवतात होय!

डिकॉक्शन
अगदी बरोबर.

वऱ्हाडी
महाराष्ट्रात कॉफी पिकते ती आमच्या चिखलदऱ्याला, हे किती जणांना ठाऊक आहे? अकराशे मीटरवर, सातपुड्यात, सावलीच्या झाडांखाली. लाल बोंडं पाहायची असतील तर हिवाळ्यात या. तिथली पावडर घेतली तर पुड्यावर चिकोरी आहे का ते वाचून घ्या, मला तरी बिनचिकोरीचीच आवडते.

मेळघाटात मुक्कामाला जाता तेव्हा उघड्यावर जाळ करायचा नाही. वाघाचं जंगल आहे, १९७३ ला व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ जंगलांपैकी. मार्चनंतर पानगळ झालेली असते, एक ठिणगी पडली तरी वणवा लागतो. आम्ही विश्रामगृहाच्या खानसाम्याकडून पाणी उकळवून थर्मासमध्ये भरून घेतो. कॉफी गाडीतच कपात करायची. मचाणावर कॉफी नेऊच नये, वास दूरवर जातो.

पाऊलवाट
वऱ्हाडी, +१. कळसूबाई-हरिश्चंद्रगड पण अभयारण्यच आहे, तिथे लोक सर्रास शेकोट्या पेटवतात. झाडाच्या बुंध्याशी पेटवतात! फार वाईट वाटतं.

आणि चोथ्याबद्दल कळकळीची विनंती. टाक्यात भांडी बुडवून धुऊ नका. कोरीव टाक्यांतलं पाणी पावसाचं साठलेलं, वर्षभर पुरवायचं असतं, गुराखी आणि माकडंही तेच पितात. साबण, दुधाचं साय-पाणी, चोथा गेला की ते सडतं. एका किल्ल्यावर टाक्यात तरंगणारे टीबॅग आणि कॉफीच्या पुड्या मी स्वतः काठीने काढल्यात. पाणी बाहेर काढा, लांब जाऊन धुवा, चोथा झिपच्या पिशवीत परत आणा. घरी गुलाबाला घाला.

उत्तरध्रुव
स्वीडनहून. इथे रानातल्या कॉफीसाठी वेगळीच पावडर मिळते, कोकाफे म्हणतात. रव्यापेक्षाही जाड दळलेली, उकळायचीच. काजळीने काळी झालेली किटली, झऱ्याचं पाणी थेट किटलीत. उकळलं की किटली जाळावरून बाजूला घ्यायची, पावडर घालून ढवळायची, परत एकदा वर येईपर्यंत जाळावर आणि उतरवून पाचेक मिनिटं हातही लावायचा नाही. सगळा गाळ तळाशी बसतो. फिल्टर नाही, गाळणी नाही. ओतताना हात हलला नाही पाहिजे, एवढंच.

कुंग्सलेडेन म्हणून ४४० किलोमीटरची पायवाट आहे, आबिस्को ते हेमावान. त्यातल्या एका टप्प्यावर सहप्रवाशाने माझ्या कॉफीत चीजचे तुकडे टाकले. लॅपलँडची रीत. चीज वितळत नाही, कॉफी शोषून घेतं आणि चावताना दातांखाली कुरकुरतं. कॉफी संपली की चमच्याने तुकडे काढून खायचे. मला पनीर आठवलं. घरी पनीर भाजून प्रयोग केला, बऱ्यापैकी जमतो.

केळफूल
कॉफीत पनीर!!! नवऱ्याला वाचून दाखवलं, तो उद्या करणार आहे म्हणे. देवा.

नाडीपरीक्षा
डॉक्टर म्हणून थोडं लिहिते. रोज कॉफी पिणाऱ्यांनी उंचावर गेल्यावर ती एकदम बंद करू नये. कॅफीन अचानक थांबलं की दिवसाभरात डोकं ठणकायला लागतं, आणि उंची लागल्याचं पहिलं लक्षणही डोकेदुखीच. मग कशाने दुखतंय ते कळेनासं होतं. सवयीएवढी कॉफी घ्या, पाणी भरपूर प्या. पण कॉफी पिऊन डोकं थांबलं नाही, मळमळतंय, तोल जातोय, तर वर चढायचं नाही. त्रास वाढत असेल तर खाली उतरायचं. यात भिडेखातर थांबू नका.

सह्यवेडी
हे फार मोलाचं. दार्जिलिंगकडच्या सान्दकफूच्या ट्रेकला आमच्यातल्या एकीचं असंच डोकं दुखत होतं, आता उलगडा झाला. धन्यवाद डॉक्टर.

धुकं
कोणी गॅसच्या डबीबद्दल सांगेल का? जानेवारीत उत्तराखंडला चाललोय. मागच्या वेळी पहाटे स्टोव्ह नुसता भुरभुरत होता, डबी तर अर्धी भरलेली.

घाटवाट
@धुकं, नुसत्या ब्यूटेनची असेल. ते शून्याच्या आसपास वायू व्हायचं थांबतं. आयसोब्यूटेन-प्रोपेन मिश्रणाची घ्या. रात्री डबी स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी ठेवा. पेटत्या स्टोव्हची डबी गरम करायच्या भानगडीत कधीही पडू नका, आणि तंबूचं दार बंद करून स्टोव्ह पेटवायचा नाही. विमानात डबी चालत नाही, डेहराडूनला विकत घ्या.

अक्रोड
कॅलिफोर्नियात योसेमिटीला रानात मुक्काम असेल तर खाण्याचं सगळं अस्वलापासून सुरक्षित अशा जाड डब्यात ठेवावं लागतं, कॉफीसुद्धा. टूथपेस्टसुद्धा. डबा तंबूपासून दूर. त्यामुळे पहाटे कॉफीची तल्लफ आली की आधी थंडीने आखडलेल्या बोटांनी त्या डब्याचं झाकण उघडायचं. आम्ही आता ड्रिप बॅग नेतो, कपाच्या कडेला अडकवायची आणि पाणी सोडायचं. सासूबाई आल्या होत्या, त्यांनी त्यातही वेलदोडा कुटून घातला. छान लागली.

खारेपाटण
वेलदोड्याचं बघा, सालासकट कुटायचा.

चहाबाज
ठरल्याप्रमाणे कॉफीची आठवण. वडील गेल्यावर पहिल्यांदा एकटा राजगडावर गेलो होतो. पद्मावती मंदिरात रात्री झोप लागेना. शेजारी पुण्याची मुलं होती, त्यातल्या एकाने काही न विचारता काळ्या कॉफीचा मग हातात दिला. गूळ घातलेली होती. चहावाला असूनही सगळी प्यायलो. नाव विचारायचं राहिलं.

केळफूल
चहाबाज, वाचून डोळे भरून आले.

पाऊलवाट
गूळ काळ्या कॉफीतच घाला बरं का, दुधात घातला तर दूध फाटायची भीती.

धुकं
नोव्हेंबरात रतनगडचा बेत करूया का सगळे? रतनवाडीत दूध मिळेल का?

घाटवाट
मिळतं, रात्रीच सांगून ठेवावं लागतं. स्टोव्ह मी आणतो.

केळफूल
जायफळ माझ्याकडे. किती जण आहोत ते शुक्रवारपर्यंत कळवा, त्या हिशेबाने गूळपोळ्या करते.