सल्ला हवा आहे : ट्रॉलीतील झुरळे, गादीवरील ठिपके आणि डक्टमधील खुडबुड (नेरूळ)

पारिजात_नेरूळ

नमस्कार. आम्ही नेरूळमध्ये सिडकोने बांधलेल्या एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहतो. पावसाळा सुरू झाल्यापासून स्वयंपाकघराच्या ट्रॉल्यांमध्ये लहान, फिकट तपकिरी झुरळे दिवसाही दिसू लागली आहेत. मुलाच्या हातापायांवर सकाळी ओळीने गांध्या उठलेल्या असतात आणि त्याच्या गादीच्या शिवणीवर काळपट ठिपके आढळले आहेत. रात्री डक्टकडील खिडकीपाशी खुडबुडही ऐकू येते. इमारतीत काम करणाऱ्या एका माणसाने सांगितले की एकाच फवारणीत सारे काही जाईल आणि ढेकणांसाठी खोली बंद करून रात्रभर गोळ्या ठेवाव्यात. घरात सासूबाईंना दमा आहे आणि मुलगा लहान आहे, त्यामुळे निर्णय घेण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे.

कीटकनिरीक्षक

पारिजातताई, बाकीचे सावकाश वाचा, परंतु त्या गोळ्यांना आजच स्पष्ट नकार द्या. बंद खोलीत ठेवायला दिल्या जाणाऱ्या अशा गोळ्या बहुधा अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. त्या गोदामातील धान्याला धुरी देण्यासाठी आहेत आणि सर्वसामान्य ग्राहकाला विकण्यास परवानगी नाही. हवेतील ओलावा लागताच त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. तो दाराच्या फटींतून आणि डक्टमधून शेजारच्या घरातही पोहोचू शकतो आणि त्याच्या विषबाधेवर उतारा नाही. अशा धुरीने माणसे, विशेषतः मुले, दगावल्याच्या घटना आपल्या देशात घडलेल्या आहेत. त्या माणसाने इतर घरांतही हेच सुचवले असेल, तर सोसायटीच्या सचिवांना कृपया लगेच कळवावे.

आता झुरळांविषयी. डोक्यामागच्या भागावर दोन समांतर गडद रेघा दिसत असतील आणि लांबी साधारण दीड सेंटीमीटर असेल, तर ते जर्मन झुरळ समजावे. गटारातून आणि मोरीतून येणारे मोठे, तांबूस झुरळ वेगळे. त्याची लांबी साडेतीन ते चार सेंटीमीटर असते आणि त्याच्यासाठी नहाणीची जाळी घट्ट बसवणे व गटाराच्या चेंबरवर उपाय करणे पुष्कळदा पुरेसे होते. जर्मन झुरळ मात्र घरातच राहते आणि घरातच वाढते. त्याची मादी तीस ते चाळीस अंड्यांची कुपी पिल्ले बाहेर पडण्याची वेळ येईपर्यंत पोटाशी घेऊन फिरते, म्हणून वरवरच्या फवारणीने दिसणारी झुरळे मरतात आणि फटीत दडलेली मादी नवी पिढी घेऊन पुन्हा हजर होते. ती दिवसाही दिसत असतील, तर दडायच्या जागा भरून गेल्या आहेत असे मानावे.

यावर जेल हाच माझ्या मते सर्वांत योग्य उपाय आहे. फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक असलेल्या जेलचे मसुराएवढे ठिपके ट्रॉलीच्या बिजागऱ्या, रुळांच्या मागचा भाग, फ्रिजची मोटर आणि ओट्याखालच्या फटी अशा जागी द्यावेत. ते खाल्लेले झुरळ बिळात जाऊन मरते, आणि त्याची विष्ठा व मृत शरीर खाणारी पिल्लेही मरतात. मात्र जेल लावलेल्या जागी फवारा मारू नये, कारण फवाऱ्यामुळे झुरळे जेलजवळ फिरकतच नाहीत. आपल्या सासूबाईंच्या दृष्टीने हे दुहेरी महत्त्वाचे आहे. झुरळांच्या विष्ठेने व कातीने दमा बळावतो आणि फवाऱ्याच्या तुषारांचाही त्रास होऊ शकतो, जेलमधून मात्र तुषार उडत नाहीत.

सानपाड्याची_काकू

अगं, ट्रॉलीत तमालपत्र आणि कापूर ठेव. आमच्याकडे वर्षानुवर्षे हेच करतात.

कीटकनिरीक्षक

काकू, आपला अनुभव मी नाकारत नाही, परंतु वासाने झुरळे फार तर एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात सरकतात, त्यांची संख्या घटत नाही. घरगुती उपायांपैकी बोरिक पावडरचा उपयोग खरोखर होतो. ती अगदी पातळ थराने आणि कोरड्या जागी पसरावी, मुलाचा हात पोहोचेल तिथे कदापि ठेवू नये.

ढेकणांचे निदान केवळ गांध्यांवरून करता येत नाही, कारण डास चावल्यावरही तशाच गांध्या उठतात. परंतु शिवणीवरील ठिपके ही ढेकणांच्या विष्ठेची खूण आहे. पलंगाच्या स्क्रूंची भोके आणि फळ्यांचे सांधे टॉर्चने पाहावेत. चादरी, अभ्रे आणि पडदे साठ अंश तापमानाच्या पाण्यात धुवावेत, शिवणींवर वाफ द्यावी, आणि कीटकनाशक सांध्यांपुरतेच वापरावे. अंड्यांवर बहुतेक औषधांचा परिणाम होत नसल्याने साधारण दोन आठवड्यांनी दुसरी फेरी अनिवार्य असते. खोली काही दिवस बंद ठेवून काही साधत नाही, कारण ढेकूण कित्येक महिने रक्तावाचून जगतो.

घोडबंदरकर

माणूस कसा निवडावा, याविषयी थोडेसे. कीटकनाशक कायदा, 1968 नुसार व्यावसायिक फवारणीसाठी परवाना लागतो, तो पाहायला मागा. कोणते औषध आणि किती प्रमाणात वापरणार, हे लिहून घ्या आणि डबा स्वतः पाहा. लेबलवरील त्रिकोण लाल असेल तर ते अत्यंत विषारी, पिवळा असेल तर त्याखालोखाल, मग निळा आणि शेवटी हिरवा. डायक्लोरव्हॉस या कीटकनाशकावर 2020 च्या अखेरीपासून देशात बंदी आहे, तरी कोणी ते सुचवले तर काम देऊ नये. शिवाय जर्मन झुरळे पाइपांच्या कडेने घराघरांतून फिरतात, त्यामुळे आपल्या वरची आणि खालची घरेही त्याच आठवड्यात जेल लावतील असा प्रयत्न करावा.

पारिजात_नेरूळ

मनःपूर्वक आभार. गोळ्यांना नकार दिला असून सचिवांनाही कळवले आहे. झुरळांवर दोन रेघा स्पष्ट दिसल्या. खिडकीच्या पट्टीवर लेंड्या सापडल्या, त्या साधारण बारा मिलिमीटर लांब आणि दोन्ही टोकांना निमुळत्या आहेत. हे कोण असावे?

कीटकनिरीक्षक

या वर्णनावरून तो पाइपांवरून चढणारा काळा उंदीर असावा. घुशीची शक्यता कमी आहे, कारण ती जमिनीत बिळे करते. चिमुकल्या घरउंदराच्या लेंड्या तांदळाच्या दाण्याएवढ्याच असतात.

सर्वप्रथम प्रवेशाच्या वाटा बंद कराव्यात. बारा मिलिमीटरची फट उंदराला पुरते, म्हणून डक्टकडील खिडकीला बारीक छिद्रांची पोलादी जाळी बसवावी (प्लॅस्टिकची तो कुरतडतो) आणि पाइपांभोवतीची भोके तारेची घासणी कोंबून सिमेंटने बुजवावीत. झाडाची फांदी खिडकीला टेकत असल्यास ती छाटण्यापूर्वी महापालिकेची परवानगी घ्यावी. त्यानंतर भिंतीलगत पिंजरा ठेवावा. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून पहिले काही दिवस पिंजरा न लावता आत सुका बोंबील किंवा शेंगदाणे ठेवावेत. घरात विष घालू नये. ब्रोमॅडिओलोन या उंदरांच्या विषाने उंदीर काही दिवसांनी मरतो आणि तोही बहुधा हात न पोहोचणाऱ्या सांदीत. पिवळ्या फॉस्फरसचे मलम तर लहान मूल असलेल्या घरात आणूच नये, कारण त्याने यकृत निकामी होते आणि त्यावर उतारा नाही.

लेंड्या कोरड्या झाडू नयेत. हातमोजे घालून, ब्लीचचे पाणी शिंपडून त्या ओल्या कराव्यात आणि मग कागदाने उचलाव्यात. पावसाळ्यात घरातील कोणालाही ताप आल्यास घरात उंदीर होते हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापावर प्रतिजैविके लवकर सुरू केली तर ती चांगली लागू पडतात.