प्रतिसाद: बोंबील खोल समुद्रातला नव्हे
वर कुणीतरी बोंबलाला खोल समुद्रातला मासा म्हटलंय. नाही हो! आमची रविवारची फेरी नवी मुंबईतल्या दिवाळे गावच्या मासळी बाजारात असते. तिथला बोंबील किनाऱ्याजवळच्या गढूळ पाण्यात, डोल म्हणजे पिशवीसारख्या जाळ्यात सापडतो. खोलातला आहे तो त्याच्याच गणातला ट्रायपॉड मासा. साधारण ९०० ते ४७०० मीटर खाली, मिट्ट काळोखात. पोटाकडच्या परांचे दोन आणि शेपटीच्या पराचा एक अशा तीन लांबलचक काट्यांवर तो तळाच्या गाळात चक्क उभा राहतो, प्रवाहाकडे तोंड करून. काटे मीटरभरही होतात, अंगापेक्षा लांब! डोळे नावापुरतेच. पुढे पसरलेल्या परांना वाहत आलेला बारीक जीव लागला की गट्टम. जोडीदार भेटणं कठीण, म्हणून एकाच माशात नर-मादी दोन्ही. तव्यावर कसा लागेल, ते मात्र विचारू नका.