मदत हवी आहे: भाऊ दुसऱ्याची सुई वापरत नाही, पण बायकोसोबत निरोधही वापरत नाही

नागपूरला पाचपावलीकडे राहते. धाकटा भाऊ तीन वर्षांपासून सुईने नशा करतो. लग्नाला दीड वर्ष झालं. कृपया त्याला शिव्या देऊ नका, मला माझा भाऊ हवा आहे.

सुईचं त्याला पटलंय. आधी मित्रांत एकच सिरिंज फिरायची, दोन वर्षांपासून नवीच आणतो. निरोधाचं काढलं की मात्र चिडतो. "ती काय बाहेरची आहे का?"

एचआयव्हीची माहिती त्याला आहे, अडतंय दुसरीकडेच. घरात कपाटाला कुलूप, बाबा पाकिटातले पैसे मोजून ठेवतात. एका बायकोपाशीच तो अजून भरवशाचा माणूस आहे. निरोध मध्ये आला की तिथेही संशय शिरेल, ही त्याची भीती. भावजयीनं एकदा विषय काढला तर म्हणाला, "माझ्यावर भरवसा नाही?" ती गप्प झाली. तिला नशेचं माहीत आहे, सुईचं नाही. नशेत असला की तर बोलायचीही सोय नाही. वरून आई नातवासाठी मागे लागलीय.

तपासणी कधीच झालेली नाही. मी आधी कोणाशी बोलू? भावजयीला सांगून टाकू का?

प्रतिसाद

ताई, मी समुपदेशनाचं काम करतो. तुमचं निदान बरोबर वाटतं. नवी सुई घेताना तो स्वतःला जपतो. निरोध घेतला तर आपण धोकादायक आहोत हे कबूल करावं लागतं. म्हणून भरवशाचा विषयच काढू नका, बाळाचा काढा. मूल हवं तर आधी दोघांची तपासणी, तोवर निरोध. असं म्हटलं की संशय कोणावरच येत नाही. तो शुद्धीत असताना बोला.

मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत एचआयव्ही तपासणी मोफत होते, माहिती गुप्त राहते. हिपॅटायटिस बी आणि सीचीही करा, सुईवाल्यांत सी फार सापडतो आणि आता गोळ्यांनी बरा होतो. वाटून घेतलेली सुई दोन वर्षांपूर्वीची, म्हणजे त्यातून लागण झाली असेल तर आता तपासणीत दिसेल. एचआयव्ही निघाला तरी नियमित औषधानं विषाणू दबून राहिला की संबंधांतून बायकोला लागत नाही, हे त्याला आधीच सांगा. निकालाच्या भीतीनंच माणसं येत नाहीत.

सुईचं त्यालाच सांगू द्या, समुपदेशक सोबत बसतात. पण महिनोन्‌महिने थांबू नका, तिच्याही जिवाचा प्रश्न आहे. १०९७ या एड्स हेल्पलाइनवर मोफत बोलता येतं.

धागाकर्ती

खूप आभार. रविवारी दोघं जेवायला येताहेत. जेवणाआधीच त्याला गच्चीवर नेते.